बदकवाली डाक्टरीण

वर्ध्यावरून बोरगाव मेघेकडं जाताना डाव्या हाताले एक पिवळी इमारत लागते. आता तिथं गेट आहे, गेटवर वर्दीवाला आहे, अन् आतमंदी गेलं का एसीनं दात वाजतात. पण १९९२-९३ साली तुम्ही रस्त्यावर विचारलं असतं, का भाऊ, विषाणूची प्रयोगशाळा कुठी आहे, तं लोकाईनं तुमचं तोंडच पाह्यलं असतं. 'बदकवाली डाक्टरीण कुठी बसते' म्हटलं का पानठेलेवाला चुना लावता लावता हात दाखवे.

ती डाक्टरीण म्हणजे सुलोचनाबाई. अन् तिची बदकं सांभाळणारा मी, कवडू. कागदावर माहं पद होतं प्रयोगशाळा परिचर. मले कोणी प्यून म्हटलं का माहं डोकं फिरे, अजूनही फिरते, म्हणून आधीच सांगून ठेवतो. सोळा वर्षं मी त्या बाईसंगं काम केलं अन् सोळाही वर्षं भांडलो. तिच्या नावावर आता मोठमोठे लेख छापून येतात, पण त्या लेखाईत बदकं नाई, मी नाई, अन् मोहाटोल्याची भागाबाई तं नाईच नाई. म्हणून म्हटलं, आपणच सांगावं.

बाई मूळची आर्वीची. बाप सदाशिवराव, बारदान्याचा व्यापारी. कापसाच्या अन् सोयाबीनच्या सीझनात आर्वीच्या मार्केटात जे पोते लागत ते याच्या दुकानातून जात. पोरगी नागपूरले डाक्टर झाली तशी बापानं दुकानाच्या बाजूची खोली खाली केली, चुना मारला, 'डॉ. सुलोचना, दवाखाना' असा पत्र्याचा बोर्डही रंगवून घेतला. पोरगी म्हणाली, बाबा, मले पुण्याले जायचं आहे, विषाणू शिकाले. बोर्ड भिंतीले टेकून राह्यला. पुण्यावरून आली ते थेट आमच्या पिवळ्या इमारतीत, एका खोलीत. सामान म्हणजे दोन फ्रीज, एक लूना, अन् सळयाच्या पिंजऱ्यात आठ पांढरे हंस.

होय, ते हंस होते. पण वर्ध्यात त्याईले कोण हंस म्हणते! बदकंच म्हणत सारे. त्याईच्यातला एक मोठा नर होता, त्याचं नाव मी ठाणेदार ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याची पँट धरल्याबिगर तो सोडत नसे. मी त्याले काखेत दाबून धरायचो, बाई त्याच्या पंखातून सुईनं रक्त काढायची, अन् तो माह्या मनगटाले चावायचा. हे बघा, डाग अजून आहेत.

हे रक्त काहाले पायजे, ते एकदा समजून घ्या, मंग पुढं अडचण नाई. काही तापाईचे विषाणू असे असतात का ते हंसाच्या लाल पेशी एकमेकीले चिकटवतात. ताटलीच्या बारक्या खळग्यात पेशी अन् विषाणू टाकले का तळाले पातळ लाल चादर पसरते. पण जो माणूस त्या विषाणूसंगं लढून चुकला, त्याच्या रक्तात लढाईचा सरंजाम तयार झालेला असते. त्याच्या रक्ताचं वरचं पाणी त्या खळग्यात टाकलं, का विषाणूचे हात बांधले जातात. मंग चादर पसरत नाई, पेशी खाली बसतात अन् लाल बटण दिसते. आता हा गडी लढला कधी, यंदा का पाच वर्षांमांगं? ते समजाले रक्त दोनदा घ्या लागते. एक ताप असताना, एक तीन हप्त्यानं. दुसऱ्यात सरंजाम चार पटीनं वाढलेला दिसला, तं ताप त्याच विषाणूचा. फक्त एक गोष्ट पक्की पायजे. दोन्ही नळ्या एकाच माणसाच्या पायजे.

सदाशिवराव दर पंधरा दिवसानं सोमवारी एस.टी.नं येत. हातात तिळाच्या लाडूचा डबा.

"सुलू, दवाखाना कवा टाकशीन?"

"बाबा, इथं काम आहे."

"काय काम? बदकाचं रक्त काढतं अन् ताटलीत पाह्यत बसतं. आर्वीत लोक विचारतात पोरगी काय करते. काय सांगू मी?"

"सांगा, बदकाईची तब्येत ठणठणीत आहे."

मंग दोघंही लाडू खात. एक मलेही भेटे, एक ठाणेदाराले.

अशी सहा वर्षं गेली. पाच-सात ताप बाईनं पकडले, पण तुकड्या-तुकड्यानं. कुठी दोन पेशंट, कुठी चार, अन् दुसऱ्यांदा रक्त द्याले कोणी येतच नसे. बरं झालेला माणूस सुई टोचून घ्याले काहाले येईन? १९९८ च्या जुलैत वरून कागद आला. सहा वर्षांत ठोस काही हाती नाई, दिवाळीनंतर समिती येईन, पाहीन, अन् बहुतेक खोली बंद करून सामान मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जाईन.

बाईच्या पोटाचा सवाल नव्हता. तिले तिकडं जागा भेटणारच होती, माही बदली झाडू माराले कोण्या तरी हापिसात झाली असती. बाईचा सवाल वेगळा होता. तो कागद तिनं माह्यासमोर टेबलावर आपटला अन् म्हणाली, "कवडू, ताप इथं येते तं ताप ओळखणारी खोलीही इथंच पायजे. नमुना तिकडं पोचेपर्यंत बर्फाचं पाणी होते, अन् उत्तर येईपर्यंत लेकरू एक तं घरी जाते, नाई तं जाते." तिचे डोळे भरलेले मी तवा पयल्यांदा पाह्यले. मी चहा टाकला.

सप्टेंबरात खबर आली. कारंजा घाडगेचा हायवे सोडून जंगलाकडं आठ-नऊ किलोमीटर आत मोहाटोला नावाची वस्ती आहे, गोंडांची. तिथं लेकराईले ताप येऊन झटके येऊन राह्यले होते. बाजूच्या पाड्यावर दोन लेकरं गेलती. आम्ही जीप घेऊन पोचलो तवा सरकारी डाक्टर शाळेच्या वऱ्हांड्यात सलाईन लावून बसला होता, अन् बावीस लेकरं ओळीनं निजली होती. मी दोन पोरींचा बाप. मी पयले साऱ्याईची छाती हलते का ते पाह्यलं.

वऱ्हांड्याच्या दारात दोन्ही हात पसरून एक म्हातारी उभी. ती भागाबाई, गावची सुईण. अर्ध्या गावाची नाळ तिनंच कापलेली.

"पयले सांग वो," ती बाईले म्हणे, "रक्त काहाले पायजे?"

दुसरी डाक्टर असती तं सरपंचाले बोलावलं असतं. बाई खाली मातीत बसली अन् तिले सारं सांगतलं, चादर काय, बटण काय, अन् हेही का या रक्तानं ही लेकरं बरी होणार नाई, पण पुढच्या साली ताप आला तं काय आहे ते लवकर समजन. मंग स्वतःच्या दंडाले रबर बांधून माह्याकडून नळीभर रक्त काढून दाखवलं. भागाबाईनं ते निरखून पाह्यलं.

"ठीक आहे," म्हणे. "पण माह्या लेकराईचा नंबर मी लावीन."

"तुमची लेकरं किती?"

"अकरा."

साठीच्या बाईची अकरा लहान लेकरं! बाई हसली, तिले वाटलं म्हातारी गावाच्या मायेनं बोलून राह्यली. मी नाई हसलो. मले समजलं होतं.

आमच्याकडं एक रीत आहे. घरात लेकरावर संकट आलं, का माय त्याले सुपात घालून शेजारणीले विकते. किंमत एक कवडी. विकलं का ते लेकरू आपलं नाई, मंग त्याच्या वाईटावर असलेलं जे काय असन ते दारात येऊन रिकामं वापस जाते. जुनं नाव घ्यायचं नाई, कोणाच्याच तोंडून नाई. पोट्टा असला तं कवडू, पोट्टी असली तं कवडी. संकट टळलं का माय ती कवडी वापस करते अन् लेकरू सोडवून आणते. मीही असाच विकलेला. माह्या आधीची तीन गेलती. फरक एवढाच का माह्या मायनं ती कवडी वापस केलीच नाई. जर्दाच्या डबीत ठेवली अन् मरेपर्यंत ठेवली. म्हणून राशनकार्डावर, नोकरीच्या कागदावर, लग्नाच्या पत्रिकेवर मी कवडूच. लहानपणी मले तिचा लय राग येई. गावातले बाकी पोट्टे सुटून संजय अन् विनोद झाले, अन् मी तसाच राह्यलो.

तं मोहाटोल्यात दोन दिवसात अकरा मायांनी आपापली लेकरं भागाबाईले विकली होती. बाई सुई घेऊन एका टोकाले, मी फॉर्म घेऊन दुसऱ्या टोकाले. नंबर, नाव, आईचं नाव. सहा लेकरं झाली. सातव्या नंबरले भागाबाई पुढं झाली. नाव? कवडू. आईचं नाव? भागाबाई. आठवी, कवडी, भागाबाई. नववा, कवडू, भागाबाई. माहा पेन थांबला. खऱ्या माया मांगं कुडाले टेकून उभ्या होत्या, तोंडावर पदर. एक शब्द विचारला असता तं काम झालं असतं. पण तापानं फणफणलेल्या लेकराचं जुनं नाव त्याच्या मायच्या तोंडून काढाले लावायचं? माह्याच्यानं नाई झालं. सात ते सतरा, अकरा ओळी मी तशाच लिहिल्या. बाईले सांगतलं नाई.

तीन हप्त्यानं आम्ही पुन्हा गेलो अन् बघतो तं काय, गावात दंगा! मोहाटोल्यातलं एकही लेकरू गेलं नव्हतं. चिंचेखाली सारे खेळून राह्यले होते. माया कवड्या अन् सुपं भरून जवस-तांदूळ घेऊन भागाबाईकडं गेलत्या अन् लेकरं सोडवून आणलती. आता कोणी लखन, कोणी स्वीटी, कोणी जंगलू. अन् भागाबाईनं हुकूम सोडला म्हणून बावीसच्या बावीस दुसऱ्यांदा सुई घ्याले आले. बाई परतीच्या वाटेवर जीपमंदी गाणं म्हणत होती. तिचा आवाज म्हणजे ठाणेदार बरा, पण त्या दिवशी मले तेही ऐकवत नव्हतं. मी फॉर्माची थैली मांडीखाली दाबून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दोन्ही फॉर्म बाजूबाजूले ठेवले.

"कवडू, हे काय आहे?"

मी नळ्या मोजायचं नाटक करत होतो.

"अकरा कवडू-कवडी? अन् अकराही जणांची आई भागाबाई? पयल्या नळीतला कवडू दुसऱ्या फॉर्मातला कोण आहे, लखन का जंगलू? मी बटणं कोणाची कोणासंगं लावू? अबे, काऊन नाई विचारलं?"

मी सारं सांगतलं. मायच्या डबीसकट सांगतलं. आवाज माहाही चढला. म्हटलं, तुमाले नळ्या दिसतात, मले त्या बायांचे पदर दिसत होते! बाई उठली, बाहेर गेली अन् पिंजऱ्याजवळ दगडावर जाऊन बसली. समिती याले महिना राह्यला होता, अन् सहा वर्षांत पयल्यांदा हाती आलेला माल मी अर्धा मातीत घातला होता. मी मांगं जाऊन उभा राह्यलो.

"मले काढून टाका," मी म्हटलं.

"तुले काढून नळ्याईवर नावं येतीन काय?" ती नाक पुसत म्हणाली. "जीप काढ."

भागाबाई अंगणात मोहाची वाळली फुलं निवडत होती. तिनं आमचं ऐकून घेतलं अन् जोरात हसली. "एवढंच? काहाले एवढं तोंड पाडून बसले?" आत गेली अन् धान्याच्या कोठीच्या गळ्यात बांधलेला एक काळा दोरा सोडून आणला. दोऱ्यात चिंध्या ओवलेल्या. लेकरू विकत घेतलं का त्याच्या अंगावरच्या कपड्याची एक चिंधी फाडून ती दोऱ्यात ओवायची, अन् कोठीले बांधायची. ते लेकरू आता या घरचं दाणापाणी खाणार, म्हणून. अकरा चिंध्या, घेतल्या क्रमानं.

"ही निळी लखनची. ही फुलाची स्वीटीची. ही खाकी जंगलूची, बापाच्या पँटीची हाय..."

"अन् सुई टोचाले याच क्रमानं आणली होती तुमी?" बाईनं श्वास रोखून विचारलं.

"मंग! जो पयले घेतला तो माह्या घरातला मोठा. मोठ्याचा मान पयले नाई का?"

बाईनं तिथंच मातीत बसून सात ते सतरा नावं लिहिली. मले वाटलं झालं काम, आता पेढे. पण सुलोचनाबाईसंगं काम म्हणजे पेढे इतक्या लवकर नाई भेटत. जीपमंदी बसता बसता म्हणे, "हे भागाबाईचं म्हणणं झालं. आता रक्ताले विचारू."

रक्ताले विचारायचं म्हणजे रक्तगट, एका नावाच्या दोन्ही नळ्यांचा गट एकच निघते का ते पाहायचं. नळीत पेशी नव्हत्या, नुसतं वरचं पाणी होतं. पण त्या पाण्यातूनही गट समजते, कॉलेजच्या पयल्या वर्षाचा प्रयोग आहे म्हणे. एक थेंब पाणी घ्यायचं, त्यात ए गटाच्या पेशी टाकायच्या, दुसऱ्या थेंबात बी गटाच्या, कोणत्या थेंबात गुठळी होते ते पाहायचं. पेशी कोणाच्या आणायच्या? बाईचा गट ए, माहा बी. तिनं माह्या दंडातून काढलं, मी तिच्या दंडातून. ठाणेदार पिंजऱ्यातून पाह्यत होता. मी त्याले म्हटलं, पाय बेट्या, आज आमचा नंबर.

"हे जुळलं म्हणजे तेच लेकरू, असं होत नाई," बाई काम करता करता म्हणे. "नाई जुळलं, तं ते लेकरू नाई, एवढं मात्र पक्कं होते."

अकरापैकी नऊ जुळले. चौदा अन् पंधरा नंबर उलटे आले. फोन नव्हता तिकडं, म्हणून पुन्हा जीप, पुन्हा मोहाटोला. भागाबाईनं कपाळावर हात मारला. "हो वो माय! त्या वक्ताले ते पोट्टं मुताले गेलतं, म्हणून त्याच्या मांगचा पोट्टा पुढं घेतला!"

मी टाळी वाजवली. म्हटलं, बाई, अदलाबदल करा, जुळते बराबर!

"नाई. ते दोन्ही सोडून द्यायचे."

"अवो, पण जुळते ना!"

"म्हणूनच सोडायचे. आधी सांगतलं असतं तं घेतले असते. आपल्याले पायजे तसं उत्तर असलं का आठवण लगेच भेटते, कवडू. उद्या माहीच मले भेटन."

त्या दिवशी कारंज्यापासून वर्ध्यापर्यंत मी तिच्यावर धुसफुसत राह्यलो. हायवेवरच्या ढाब्यावर तिनं माह्यासाठी शेवभाजी मांगवली, तीही मी रागानं खाल्ली. मंग तिनं सारी ताटलीची तपासणी लावली. वीस जोड्या. त्याईतल्या सोळांमंदी दुसऱ्या रक्तात एकाच विषाणूविरुद्धचा सरंजाम चार पटीच्या वर गेलेला, म्हणजे ताप सापडला. लाल बटणांच्या रांगा. बाईनं ती ताटली खिडकीच्या उजेडात धरली अन् मले बोलावलं. आम्ही दोघंही लय वेळ पाह्यत राह्यलो.

समिती आली तीन जणांची. आत येताना ठाणेदारानं अध्यक्षाची पँट धरली, अन् मी म्हटलं, झालं कल्याण. अध्यक्ष पांढऱ्या भुवयांचे, चेहऱ्यावर माशी बसाले भ्यायची. बाईनं सुरुवातच चुकीपासून केली. "पहिल्या नोंदीत माझ्या खोलीची एक चूक झाली आहे," असं शुद्ध भाषेत म्हणाली, माहं नाव घेतलं नाई. मी चहाचा ट्रे घेऊन उभा. माह्याच्यानं राह्यवलं नाई.

"चूक माही होती जी."

अध्यक्षांनी भुवया वर केल्या. "का केलीत?"

मी सांगतलं. सूप, कवडी, मायची डबी, सारं. बाईनं भागाबाईकडून मांगून आणलेला दोरा टेबलावर ठेवला, फॉर्माच्या बाजूले. तिघंही त्या चिंध्यांवर वाकले. एका जणानं हळूच खाकी चिंधीले बोट लावलं.

मंग अध्यक्षांनी कागद उलटले. "चौदा आणि पंधरा तुम्ही वगळलेत. अदलाबदल केली तर दोन्ही जुळतात, असं तुम्हीच खाली लिहिलंय."

"जुळतात," बाई म्हणाली. "पण ते मला तपासणीनंतर कळलं."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, अन् माह्याकडं पाहून म्हणाले, "आणखी एक कप मिळेल का?" मी म्हटलं, दोन घ्या जी.

जानेवारीत कागद आला. खोली राहीन, वर एक मोठा फ्रीजर अन् एक माणूस वाढवून भेटन. बाईनं मले तो कागद वाचाले लावला, मोठ्यानं, पिंजऱ्यासमोर. तिले म्हटलं, आता तं पेढे? ती लूनावर बसून स्वतः जाऊन घेऊन आली.

पुढची कहाणी तुमाले पेपरातून माहीत असन. एका खोलीच्या दोन झाल्या, मंग सारा मजला, मंग पिवळी इमारतच केंद्राच्या नावावर झाली अन् २००४ साली बाई केंद्राची प्रमुख. हातातली सुई गेली अन् फायली आल्या. मीटिंगातून आली का पयले पिंजऱ्याजवळ जाई अन् म्हणे, "तुमी बरे रे, चावायचं असलं तं सरळ चावता." प्रमुख झाल्यावर तिनं सगळ्यात पयले काय केलं माहीत आहे? फॉर्म बदलला. नावाचे तीन रकाने, खरं नाव, घरचं नाव, अन् सध्याचं नाव. अन् खाली एक ओळ, खरं नाव आता सांगायचं नसल्यास जागा कोरी ठेवावी, नंतर विचारू. बाहेरचे साहेब हसले. हसू द्या. दुसरं म्हणजे कोणत्याही गावात काम सुरू कराच्या आधी तिथल्या सुईणीले नाई तं म्हाताऱ्या बाईले जाऊन विचारायचं, हा नियम. नवे डाक्टर कुरकुर करत. बाई त्याईले मोहाटोल्याले धाडून दे, भागाबाईसमोर मातीत बसाले.

सदाशिवरावले केंद्राची प्रमुख म्हणजे काय ते कोणीतरी आर्वीत समजावून सांगतलं असन. एका सोमवारी ते ऑटोत काही तरी मोठं बांधून आले. तोच दवाखान्याचा पत्र्याचा बोर्ड. दुसऱ्या अंगाले आर्वीच्या पेंटरकडून केंद्राचं नाव रंगवून आणलं होतं. "पत्रा चांगला आहे," म्हणे, "वाया काहाले घालवायचा." बाईनं तो गेटवर लावला. पुढच्या साली ते गेले. नवा मोठा बोर्ड आला तरी तो पत्रा बाईनं आत वऱ्हांड्यात टांगला, उलटा, दवाखान्याचं नाव दिसन असा.

२००८ साली बाईले दिल्लीचं बोलावणं आलं, देशभरातल्या अशा केंद्राईचं काम पाहायचं. निरोपाचा कार्यक्रम होता, हिरवळीवर खुर्च्या, साहेब लोक, हारतुरे. मी तोंड फुगवून मांगं उभा. भाषण सुरू होतं तेवढ्यात गेटातून भागाबाई आली. सत्तरीची, वाकलेली, काखेत सूप. एका बाजूनं लखन धरून, दुसऱ्या बाजूनं स्वीटी. दोघंही आता दहावी-बारावीची, उंच. एस.टी.नं आले होते.

भागाबाई सरळ स्टेजसमोर गेली अन् सूप हिरवळीवर ठेवलं.

"लय दूर जाऊन राह्यली म्हणे तू. मोठी झाली. नजर लागन," ती म्हणे. "ये, पाय ठेव सुपात. मी घेतो तुले इकत."

साहेब लोक एकमेकांकडं पाहाले लागले. बाई हार काढून खाली उतरली, चपला सोडल्या, अन् सुपाच्या काठावर पाय ठेवून उभी राह्यली.

"विकते कोण इले?" भागाबाईनं विचारलं. "माय नाई, बाप गेला. घरचं माणूस लागते."

बाईनं मान वळवली. भाऊ नाई, नवरा नाई, चुलत-मावस कोणी आलेलं नाई. तिनं गर्दीत पाह्यलं, मांगं, चहाच्या टेबलापाशी.

"कवडू, ये इकडं. वीक मले."

माह्या हातातला कप तसाच राह्यला. मी गेलो कसा ते मले आठवत नाई. भागाबाईनं खालून वर पाह्यलं.

"हा कोण तुहा?"

"घरचा," बाई म्हणाली.

मी हात पुढं केला. भागाबाईनं माह्या तळहातावर कवडी ठेवली, बाईच्या पदराची एक चिंधी फाडली, अन् जाहीर केलं का आजपासून हिचं नाव कवडी. बाई हसत होती अन् रडत होती. "आता आपण दोघं एकाच नावाचे," ती मले म्हणाली. मी कवडी मुठीत दाबली.

बाई दिल्लीत आहे. सुखरूप आहे. दर दिवाळीले फोन करते अन् म्हणते, "कवडू, संकट टळलं आता, कवडी वापस कर न् सोडव मले." मी म्हणतो, करू, काय घाई आहे. ती मायच्या जर्दाच्या डबीत आहे, माह्या कवडीच्या बाजूले. मायवर मी जल्मभर चिडलो, का हिनं मले सोडवलं काऊन नाई. आता समजते, संकट टळलं असं तिले कधी वाटलंच नसन. भागाबाईचा निरोप आला तरी मी ती वापस करणार नाई.